रमावहिनीचे खडे

"दगड आणते तू, अन् माणूस सोडते," असं श्यामकांतभाऊजी म्हणाले, तेव्हा त्यांचा अडकित्ता थांबला होता.

रमावहिनी म्हणाली, "दगड निदान आणले की घरी राहतात."

हे मी भिंतीतून ऐकलं. कान लावून नाही. आमच्या अन् त्यांच्या घरात एकच मातीची भिंत, अन् तिच्यात दोन्हीकडून दिव्याचे कोनाडे इतके खोल कोरलेले की मधात पापुद्राच राहिला होता. त्यांच्याकडे फोडणी जळली की ठसका मले लागायचा. शेजारधर्म म्हणतात तो आमच्यात भिंतीनंच लावून दिला होता.

भांडण नवं नव्हतं. भाऊजींच्या पायाले भोवरा. राजिमची जत्रा असो की डोंगरगडची, माणूस उठला की चालला. चार-आठ दिवसांनी यायचा, ओट्यावर बसायचा अन् पितळी अडकित्त्यानं सुपारी कातरत तिकडच्या गमती सांगायचा. त्या अडकित्त्याले घोड्याचं तोंड होतं, वहिनीच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं. आम्हा बायकांले त्याचा कटकट आवाज ऐकला की समजायचं, आले बापा घरी. त्या दिवशी मात्र त्यांनी कायमचंच नागपूरले जायचं काढलं होतं. कोण्या मित्राच्या छापखान्यात काम होतं, अन् वहिनीनं आत्ताच्या आत्ता सोबत निघावं, असा हट्ट. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. वहिनी म्हणे, गौरी बसू द्या, जेवू द्या, जाऊ द्या, मग कुठंही न्या.

ते म्हणाले, "मग मी निघालो तर मागून हाक मारू नको."

"नाही मारत," ती म्हणाली.

मग अडकित्ता पुन्हा सुरू झाला, म्हणून मी समजली की मिटलं. पुढं काय झालं ते साऱ्या कारभारी पाऱ्याले माहीत आहे. पारा म्हणजे इकडच्या भाषेत मोहल्ला. पण नव्या पोरांले वाटते की म्हाताऱ्या बायका तिखटमीठ लावतात. म्हणून मी, चौथी झालेली बाई, हे लिहून राहिली. नातीनं पेन दिला अन् म्हणाली, दादी, जो याद है लिख डालो. याद तर सगळंच आहे.

रायपूर तेव्हा धानाचं गाव होतं. म्हणायले शहर, पण सकाळी अभनपुराकडून धानाच्या बैलगाड्या यायच्या, अन् राईस मिलच्या भोंग्यावर आम्ही चुलीवरचा भात उतरवायचो. मिलचा कोंडा उडून वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायचा. राजधानी वगैरे काही नाही. तिकडं भोपाळ होतं, अन् सरकारी माणूस काहीही विचारलं की भोपाळकडं बोट दाखवायचा. आमची पाच-सहा मराठी घरं भोसल्यांच्या काळापासून इथं. मागच्या दाराशी मोठा तलाव. इतका मोठा की पलीकडच्या काठावरची म्हैस मांजरीएवढी दिसायची.

इकडं तलावाचं लग्न लावतात. खरंच लावतात, भटजी आणून, वाजंत्री लावून. पाण्याच्या मधोमध लाकडाचा उंच खांब रोवतात, तो तलावाचा नवरा. लग्न झालं नाही तोवर त्या पाण्यानं देवाचं काही करत नाहीत. मी नवी नवरी होती तेव्हा हे ऐकून हसली, तर रमावहिनी म्हणाली, "हसतेस काय शारदा, तलावाचं नशीब चांगलं. नवरा जाग्यावर उभा राहतो."

मले दुसरं नवल वाटलं ते गौरींचं. माझ्या माहेरी वर्धेकडं महालक्ष्म्या उभ्या असतात, मुखवट्याच्या, पातळ नेसलेल्या, पोरंबाळं सोबत. इथं आली तर पाटावर खडे. मी सासूबाईंले विचारलं, देव्या कुठं आहेत? त्या म्हणाल्या, ह्याच. भोसल्यांच्या फौजेमागून आलेल्या बायकांनी मुखवटे कुठून आणावे? पाण्यातले खडे घेतले अन् त्यांले गौरी म्हटलं, तेव्हापासून चालून राहिलं.

ते खडे आणायची रीत कडक. एका सवाष्णीनं तलावावर जायचं, पाण्याच्या काठचे खडे उचलून तांब्याच्या ताम्हनात घ्यायचे, तलावाचं पाणी तोंडात भरायचं अन् घरी यायचं. तोंडातलं पाणी सांडायचं नाही, गिळायचं नाही, म्हणजे बोलणं आलंच नाही. अन् मागं वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं तर गौर तिथूनच परत जाते. घरोघरी खडे पाटावर बसले, की मगच तोंडातलं पाणी तुळशीत सोडायचं. हे काम आमच्या पाऱ्यात रमावहिनीकडं होतं. तिची उंची चांगली, चाल अशी की डोक्यावरची घागर हलत नाही. दुसऱ्या कोणाले दिलं असतं तर अर्ध्या वाटेत कोणी काही विचारलं असतं अन् ती बोलून बसली असती. मी तर नक्कीच.

तर भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ताम्हन घेऊन गेली. आम्ही सगळ्या आपापल्या दारात हळदीकुंकू, दूध-पाणी घेऊन उभ्या. पार म्हणजे तलावाचा बांध उंच, त्याच्या पलीकडच्या पायऱ्या दारातून दिसत नाहीत. वहिनी पारावरून उतरून आमच्या गल्लीकडं येऊन राहिली होती, गाल फुगलेले. तेव्हा मागून भाऊजींची हाक आली. "रमा."

आम्ही एकमेकींकडं पाहून हसलो. हाक मारू नको म्हणणारा स्वतःच हाक मारून राहिला, असं मी मनात म्हटलं. वहिनी चालतच राहिली. मग अजून एक हाक आली. वहिनीचं पाऊल जरासं अडलं, असं मले वाटलं, पण मान हलली नाही. ती माझ्या दारात आली, मी तिच्या पायावर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं, खडे पाटावर ठेवले. अशी साऱ्या घरांत. शेवटी स्वतःच्या अंगणात तुळशीत पाणी सोडलं, अन् मग ताम्हन टाकून पारावर धावली.

पायरीवर त्यांची छत्री होती, मिटलेली. माणूस नव्हता.

घरातली कापडी पिशवी नव्हती. वहाणा नव्हत्या. अडकित्ताही नव्हता. नागपूरकडं जाणारी बस त्याच वेळेची. शिंगाड्याची शेती करणारा भैय्यालाल केवट, ज्याचे वेल साऱ्या तलावभर पसरलेले, तो अन् त्याचे भाऊ पाण्यात उतरले, बांबू लावून पाहिलं, बुड्या मारल्या. काही लागलं नाही. भैय्यालाल म्हणाला, भौजी, भादव्याचं पाणी आहे, खाली वेलींचं जाळं आहे, पण पाणी माणूस फार दिवस ठेवत नाही, वर देते. पाण्यानं काही दिलं नाही. म्हणजे नागपूर. नागपुरातल्या छापखान्यात विचारलं, तर तिथं कोणी पोचलं नव्हतं. म्हणजे तलाव. अशी वर्षं गेली.

रमावहिनी कुंकू लावत राहिली. पोट भरायले ती बिजौरी, म्हणजे उडदाच्या वाळवलेल्या वड्या, घालायची, पापड लाटायची, लोक घरी येऊन घेऊन जायचे. सुपारी लागली तर खलबत्त्यात फोडायची. माझ्या धाकट्या जावेनं एकदा नवा अडकित्ता देऊ केला, तर म्हणाली, "घरचा आहे ना. आणतील तेव्हा येईल." तिच्या सवाष्णपणाचं आम्हाले काय करावं समजत नव्हतं. डोहाळजेवणात तिले बोलावलं तर चार बायका कुजबुजायच्या, न बोलावलं तर मनाले लागायचं. काही घरांनी तिच्या हातचं कुंकू घेणं हळूहळू सोडलं. डोळ्यात गेलं म्हणत, पदरानं कपाळ झाकून घेत. पण खडे मात्र तिनंच आणायचे. ते घ्यायले नाही कोणी म्हणत नव्हतं. दगडाले विटाळ नाही, बायकांले आहे, असा काहीतरी हिशोब असावा.

तिचा दीर अच्युत त्याच घरात मागच्या खोल्यांत बायकोपोरांसह राहायचा, सिंचाई खात्यात कारकून होता. मायाळू माणूस, वहिनीचा शब्द खाली पडू देत नसे. पण गौरी गेल्या की पितृपक्ष येतो, अन् तेव्हा अच्युत बिघडायचा. बापाचं नाव घ्यायचा, आज्याचं घ्यायचा, अन् भावाच्या नावाशी आला की हातातलं पाणी थांबायचं. घेतलं तर जित्या माणसाले मारल्यासारखं, न घेतलं तर मेलेला उपाशी. त्याले स्वप्न पडायचं, दादा दारात उभा आहे, अंगावरून पाणी निथळून राहिलं अन् म्हणतो, प्यायले दे. बारा वर्षं उलटली तेव्हा गुरुजींनी सांगितलं, शास्त्रात सोय आहे, दर्भाचा पुतळा करा, त्याले अग्नी द्या, मोकळे व्हा. वहिनीनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "गवताचा नवरा जाळायचा असंल तर जाळा. माझं कुंकू गवताच्या नावाचं नाही." पुतळा राहिला तो राहिलाच.

मग राजधानी आली.

नवं राज्य झालं, रायपूरच्या रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या फिरायले लागल्या, घरांची भाडी वाढली, अन् साहेबांच्या बायका रमावहिनीची बिजौरी डब्यांनी नेऊ लागल्या. राजधानीले सगळं चकचकीत पाहिजे. आमच्या तलावाचं पाणी काढून गाळ उपसायचा, भोवती कठडा, दिवे, बसायले बाकडी, असं ठरलं. उन्हाळा लागताच पारावर डिझेलचे पंप आले.

पाणी उतरायले लागलं तसा आमचा पारा शांत झाला. एरवी नळावर भांडणारी माणसं, पण त्या उन्हाळ्यात कोणी मोठ्यानं बोलेना. रोज संध्याकाळी सगळे पारावर जायचे, गरबा पाहायले गेल्यासारखे, अन् काठ किती खाली गेला ते पाहून गुपचूप परतायचे. एकेक वस्तू वर आली. गणपतींच्या सांगाड्यांची जंगलच्या जंगलं. नवरदेवांचे मुकुट, फुटकी मडकी, एक सायकल, कोणाचं तरी गंजलेलं कुलूप. मासे तडफडले, मग बगळे आले, मग वास आला. दारं लावली तरी भाताले तो वास यायचा. तलावाच्या नवऱ्याचा काळा पाय उघडा पडला, शेवाळानं माखलेला, अन् तो पाण्यात दिसायचा त्याहून कितीतरी उंच निघाला. माझी सून अनुश्री म्हणाली, "आई, डर लगता है, खिड़की बंद रखो." तिले मराठी समजते, उत्तर हिंदीत येते. मी खिडकी बंद केली. मलेही तेच पाहिजे होतं.

एक दिवस हाड सापडलं अशी ओरड झाली. सारा पारा धावला. अच्युत ऑफिसच्या कपड्यांत गाळात उतरला, गुडघ्यापर्यंत रुतला. बैलाचं निघालं. तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मले कळेना की ह्याले हलकं वाटलं की जड. तेव्हापासून तो रोज ऑफिसातून सरळ तलावावर जायचा. भैय्यालालची शिंगाड्याची शेती बुडाली होती, तो आता गाळ उपसायच्या कामावर होता. अच्युतनं त्याले सांगून ठेवलं, काही निघालं तर आधी मले सांग. भैय्यालालनं मान हलवली अन् आपल्या भाषेत म्हणाला, "हव भैया. फेर तरिया काखरो लुकाके नइ राखय." तलाव कोणाचं लपवून ठेवत नाही, असं.

अन् रमावहिनी? ती पारावर गेली नाही. बिजौरी घालत राहिली. त्या उन्हात बिजौरी छान वाळली, असंही म्हणाली.

आषाढात पाणी येईल अन् काम बंद पडेल, तलाव पुन्हा झाकला जाईल, असं सगळ्यांले वाटत होतं. मी मनातून त्याचीच वाट पाहून राहिली होती. पण त्या साली आषाढ कोरडा गेला. श्रावण कोरडा गेला. अभनपुराच्या रस्त्यानं धानाची रोपं पिवळी पडलेली, मिलचे भोंगे बंद. ढग यायचे, तलावावर थोडे थांबायचे, अन् निघून जायचे. ठेकेदार खूश, उपसा चालूच. भादवा लागला तरी तळ उघडाच होता, फक्त मधात त्या खांबाशी एक डबकं राहिलं होतं.

गौरींच्या आधी अच्युत वहिनीशी बोलला. मी तिथंच बसली होती, बिजौरीचे डबे भरून देत होती, अन् त्यानं मले उठ म्हटलं नाही. तो बराच वेळ दाराच्या चौकटीले नख लावत उभा राहिला.

"वहिनी, यंदा खडे दुसऱ्या कोणी आणावे."

"काहून?"

"असंच. उतरायले लागते. गाळ आहे."

"गाळ सगळ्यांले सारखाच. दुसरी कोण उतरन?" तिनं डब्याचं झाकण लावलं. "मी कोण झाली, अच्युत? बोलून टाक ना."

त्याच्या तोंडाले शब्द आला होता. तो विधवा हा शब्द होता, अन् आम्हा तिघांलेही तो दिसून राहिला होता. अच्युतनं तो गिळला अन् मागच्या खोलीत गेला. मग मी वहिनीले म्हटलं, ते डबकं कुठं आहे माहीत आहे ना, भर तलावाच्या पोटात. ती म्हणाली, पाणी जिथं, खडे तिथं. अन् मग, इतक्या वर्षांत कधी न बोललेली, ती एक गोष्ट बोलली.

"शारदा, तुम्ही सगळ्या म्हणता हाक दोनदा आली. दुसरी हाक लहान होती. खालून आल्यासारखी."

दोन्ही हाका मीही ऐकल्या होत्या, अन् तिनं म्हटल्यावर मलेही ती लहानच आठवायले लागली.

"मले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "पण तोंडात गौर होती."

ज्येष्ठा गौरींच्या आवाहनाचा दिवस उजाडला. आकाश पांढरं, वारा नाही. एरवी आम्ही दारात उभ्या राहतो, त्या दिवशी सगळ्याजणी पारावर गेलो. कोणी ठरवलं नव्हतं. वहिनी हिरवं लुगडं नेसलेली, कपाळाले नेहमीचं रुपयाएवढं कुंकू. पायऱ्या संपल्या, मग पायऱ्यांखाली कधी न पाहिलेल्या पायऱ्या संपल्या, मग भेगाळलेला गाळ लागला. ती त्यावरून सरळ चालत गेली. लांबून ती हळूहळू लहान होत गेली, अन् तो काळा खांब तिच्यावर वाकल्यासारखा दिसत होता. डबक्याच्या पलीकडच्या अंगाले भैय्यालाल अन् दोघे-तिघे खोदून राहिले होते, अच्युत त्यांच्याजवळ उभा होता. सणाची सुटी काढून तो तिथंच होता.

वहिनी वाकली. खडे वेचले, धुतले, ताम्हनात ठेवले. ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं. ते पाणी कसलं होतं ते देवच जाणे. मग ती वळली अन् आमच्याकडं यायले लागली.

ती अर्ध्या वाटेत असताना भैय्यालालची कुदळ थांबली. तो वाकला, हातानं माती सारली. मग त्यानं खांद्यावरचा गमछा काढला अन् त्या खड्ड्यात काहीतरी होतं त्याच्यावर पांघरला, झोपलेल्या माणसावर पांघरतात तसा. अच्युत गुडघ्यावर बसला. त्यानं चिखलातून काही उचललं, धोतराले पुसलं, अन् ते पिवळं चमकलं. पारावरून घोड्याचं तोंड दिसत नव्हतं, पण मले दिसलं.

"वहिनी!" तो ओरडला.

असा आवाज मी माणसाचा ऐकला नाही. झाडावरचे बगळे उठले. रमावहिनी चालत राहिली. तिचं पाऊल अडलं नाही, ह्या खेपेले नाही. गाल फुगलेले, नजर समोर, ताम्हन सरळ. आमच्या समोरून गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मात्र तिनं सांडू दिलं.

अच्युत गाळ तुडवत मागून धावत आला, मूठ मिटलेली. मी पारावर त्याच्या आडवी झाली. माझ्यापेक्षा लहान होता, मी कान धरू शकत होती.

"सांगशील तर सुतक लागन," मी म्हटलं.

हे आमच्या इथलं शास्त्र आहे, माझ्या डोक्यातलं नाही. दूरचं मरण ऐकलं तेव्हापासून सुतक. कानावर पडलं नाही तोवर घर शुद्ध. अन् सुतकात गौर बसत नाही. बसलेली उठवावी लागते, तेही साऱ्या पाऱ्यातल्या घरांतली, कारण खडे एकाच हातचे. अच्युत मले म्हणाला, "शारदावहिनी, दादा आहे तो." मी म्हटलं, माहीत आहे. इतकी वर्षं थांबला, परवापर्यंत थांबन. तो तिथंच पारावर बसला अन् मुठीवर डोकं ठेवलं.

त्या दिवशी ठाण्यातला माणूस आला. हाडं पोत्यात गेली. त्यानं अच्युतले विचारलं, ओळख पटते का? अच्युत म्हणाला, परवा सांगतो. ठाणेदारानं खूप जण पाहिले असतील. परवा ओळखणारा पहिलाच.

अन् ते दिवस आम्ही सण केला. पुरण वाटलं, ज्वारीची आंबील केली, सोळा भाज्या केल्या. घराघरातून वास आला, कोणाच्या घशाखाली उतरलं ते विचारू नका. सगळ्यांले माहीत, अन् कोणी बोलेना. नळावर कळशी खाली ठेवायची तर दबक्या हातानं. लहान पोरांले आयांनी तंबी दिली होती. गल्लीत कुत्रं रडलं तर एकदम पाच दारं उघडली, त्याले हाकलायले. एवढं मोठं गुपित, अन् ते जिच्यापासून ठेवायचं ती बाई मधोमध बसून सगळ्यांले वाढून राहिली होती. पूजनाच्या दिवशी दुपारी रमावहिनीकडं हळदीकुंकू होतं. ज्यांनी तिच्या हातचं कुंकू कितीक वर्षं टाळलं होतं, त्या साऱ्या आल्या. एकीनंही पदर पुढं ओढला नाही. वहिनीनं प्रत्येकीच्या कपाळावर कुंकू टेकवलं, जरा दाबून. शेवटी बोटाले राहिलेलं तिनं स्वतःच्या कपाळाले लावलं, होतं त्याच्यावरच.

बायका पांगल्या, मी घरी आली अन् ती सुपारी फोडायले बसली, तेव्हा बत्त्याचा पहिला ठोका पडताच मागच्या खोलीत अच्युत हुंदका देऊन रडला. भिंतीतून मले ऐकू आलं, म्हणजे तिलेही आलं. तिनं दुसरा ठोका मारला. मग तिसरा.

पुढचंही सांगून टाकते, म्हणजे शेवटी थांबता येईल. त्यानंतर रमावहिनी काही वर्षं जगली, कोऱ्या कपाळानं, अन् बिजौरी घालत. पितृपक्षात अच्युतच्या हातातलं पाणी पुन्हा कधी थांबलं नाही, अन् ते स्वप्नही गेलं म्हणतो. तलाव भरला, कठडा झाला, दिवे लागले, तिकीट लागलं. खडे आता अनुश्री आणते, कठड्याच्या आतून माळी काढून देतो ते. तलावाचं पाणी तोंडात घ्यायच्या लायकीचं नाही म्हणून नळाचं घेते. पण वळून पाहत नाही. ते तिले कोणी शिकवलं नाही, तिनं पाहिलं होतं.

तर विसर्जनाचा दिवस. वहिनीनं सकाळी दहीभाताचा नैवेद्य केला, अन् ताम्हन घेऊन निघाली. घरोघरी जाऊन खडे गोळा केले. विसर्जनाले बोलायची मनाई नाही, म्हणून ती बोलली, नेहमीसारखंच. कोणाले लोणच्याले मीठ जास्त झालं का विचारलं, माझ्या नातवाच्या खोकल्याले अडुळसा दे म्हणाली. मग एकटी तलावात उतरली. पंप बंद होता, खोदणारे नव्हते. त्या डबक्यात तिनं खडे सोडले, अन् ते सोडून झाल्यावरही जराशी बसून राहिली. पलीकडं रिकामा खड्डा होता. तिकडं तिनं पाहिलं की नाही, ते पाठमोरीचं समजलं नाही.

येताना गौरीच्या जागची वाळू आणायची असते. ती धान्यावर टाकली की घरात धान टिकते म्हणतात. तिनं मूठभर आणली. पहिल्या घरापासून सुरुवात केली, प्रत्येकाच्या कोठीवर चिमूट, कोपऱ्यांत चिमूट. त्या साली कोठ्या अर्ध्यामुर्ध्याच होत्या, तिनं हात आत घालून खालपर्यंत वाळू टाकली. माझ्याकडं टाकली. मग स्वतःच्या घरी गेली, मी मागोमाग गेली. पुढच्या खोलीत टाकली, देवाजवळ टाकली, अच्युतच्या मागच्या खोलीत जाऊन त्याच्या पोरांच्या तांदळाच्या डब्यातही टाकली. अच्युत भिंतीले टेकून उभा होता, तीन दिवसांची दाढी, मूठ मिटलेली.

वहिनीनं तळहात झटकला, बोटांच्या पेरांत अडकलेला शेवटचा कण पदराले पुसला, अन् तोच हात त्याच्यापुढं केला.

"आण आता," ती म्हणाली.